अर्ध्या जनावराचा खिमा

आठव्या खोक्यातूनही खिमाच निघाला, तेव्हा सोलवेग टॉफ्टे तळघराच्या पायरीवर मटकन बसली.

पहिलं खोकं उघडलं तेव्हा तिला काहीच वाटलं नव्हतं. अर्धं जनावर विकत घेतलं की त्यात थोडाफार खिमा येतोच. दुसऱ्यातही खिमा निघाला तेव्हा ती गावच्या खाटकिणीबद्दल नुसतं म्हणाली, "लव्हॉननं यंदा खिमा जरा सढळ हातानं काढलाय." चौथ्या खोक्यापासून तिनं बोलणं बंद केलं. आता पांढऱ्या कागदात गुंडाळलेल्या, पौंडापौंडाच्या दोनशे बारा पुड्या तिच्यासमोर रचलेल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे तिचा नवरा आर्डन उभा होता. आर्डन धान्याच्या कोठारावर कामाला, उंची सहा फूट दोन इंच. पण त्या क्षणी तो जमेल तेवढा लहान दिसायचा प्रयत्न करत होता.

"आर्डन, स्टेक कुठायत?"

"यातच असतील."

"कशात?"

"यातच." त्यानं पुड्यांच्या ढिगाकडे हात केला. "म्हणजे... दळलेले."

सोलवेगनं डोळे मिटले. "लव्हॉनचा फोन आला होता तेव्हा मी घरात नव्हते. कापायचं कसं ते तूच सांगितलंस ना? काय काय बोलणं झालं, शब्दन् शब्द सांग."

"ती म्हणाली, स्टेक किती जाड कापू? मी म्हटलं, तुला सोपं पडेल तसं."

"बरं."

"मग म्हणाली, भाजायचे मोठे तुकडे तीन पौंडांचे ठेवू की चार? मी म्हटलं, आमच्यासाठी उगाच त्रास नको घेऊस."

"बरं."

"मग ती म्हणाली, मग सगळं दळूनच टाकू का?"

"आणि तू काय म्हणालास?"

आर्डननं बुटाच्या टोकानं जमीन उकरली. "मी म्हटलं, तुला त्रास होणार नसेल तर."

आता यात आर्डनला दोष द्यायचा तर सबंध एल्सबीला द्यावा लागेल. मिनेसोटातल्या आमच्या या गावात पाहुण्यानं कॉफी तिसऱ्यांदा विचारल्यावरच घ्यायची असते. पहिल्यांदा विचारल्यावर घेणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर त्याच्या घरी कुणी तरी गेलेलं असतं. भांड्यातला शेवटचा तुकडा कुणीच उचलत नाही. त्याचे अर्धे होतात, पाव होतात, शेवटी चिमणीला पुरेल एवढा उरतो आणि तो फ्रीजमध्ये जातो. मागच्या हिवाळ्यात पामर नायगार्डच्या पायावर झाड पडलं, तर तासाभरानं सापडलेला पामर म्हणाला, "काही घाई नाही, आधी तुमची कॉफी होऊ दे." अशा गावातल्या माणसाला खाटकिणीनं फोनवर तीन प्रश्न विचारले, तर दुसरं काय होणार?

एरवी सोलवेगनंही ते हसण्यावारी नेलं असतं. खिम्याशी तिचं वैर नव्हतंच. उन्हाळ्यात डॉक्टरनी आर्डनची साखर तपासली आणि बटाटा, पाव, नूडल्स, भात या चौघांना घराबाहेर काढायला सांगितलं. तेव्हा सोलवेगनं हिशेब मांडला, की शेजारच्या ऑर्व्हल क्वामेचं नुसत्या गवतावर वाढलेलं अर्धं जनावर एकदम घेतलं तर वर्षभर घराला पुरेल आणि दुकानापेक्षा स्वस्तातही पडेल. त्यातला निम्मा खिमाच खाल्ला जाणार होता. पण दोन आठवड्यांनी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, व्याही येणार होते.

थोरली मारिट नेब्रास्काच्या कोल्टर हागच्या प्रेमात पडली होती आणि वसंतात लग्न होतं. हाग मंडळींकडे नऊशे गुरं. कोल्टरचे आईवडील, व्हर्लीन आणि रॉइस, पहिल्यांदाच भेटायला येणार होते. नऊशे गुरं ऐकून सोलवेगला कुठून कुणास ठाऊक चेव चढला आणि तिनं व्हर्लीनला पत्रात लिहून टाकलं: 'आमच्या शेजारच्या कुरणातल्या गवतावर वाढलेल्या जनावराचे स्टेक तुम्हाला करून घालीन. असे तुम्ही खाल्ले नसतील.' एल्सबीच्या इतिहासात एवढी मोठी बढाई कुणी लेखी मारल्याचं ऐकिवात नाही.

त्या बढाईखाली जे होतं, ते तिनं आर्डनलाही सांगितलं नव्हतं. पोरगी दहा तासांच्या अंतरावर चालली होती. आजारी पडली, रडली, गाडी बर्फात अडकली, तर धावून जायला आई नसणार, ही हाग मंडळी असणार. त्यांना पहिल्या भेटीत वाटावं, की ही चांगल्या घरची, जिच्या आईबापांनी आपल्यासाठी मन लावून काही केलं, अशी मुलगी आहे. सोलवेगला तेवढंच हवं होतं, आणि त्या एका गोष्टीसाठी तिला रात्री झोप लागत नव्हती.

"आई, ते फार स्टेकवाले आहेत हं," मारिट फोनवर म्हणाली. "कोल्टर म्हणत होता, त्याचे बाबा तुझ्या पत्राबद्दल रोज काही ना काही बोलतात."

"काय बोलतात?"

"ते नाही सांगितलं त्यानं. पण रोज बोलतात."

सोलवेगनं फोन ठेवला आणि सगळं आर्डनला सांगितलं.

"दुकानातून आणूया ना चार," आर्डन म्हणाला.

"आणि पैसे घ्यायला गल्ल्यावर कोण असतं? बेव्ह. ती संध्याकाळच्या आत ऑर्व्हलला सांगेल, की टॉफ्ट्यांनी तुझं अर्धं जनावर घरात असताना दुकानातलं मांस नेलं. ऑर्व्हल काही बोलणार नाही. नुसता 'बरं बरं' म्हणेल. ते 'बरं बरं' मी मरेपर्यंत ऐकू?"

आर्डनला ते पटलं. ऑर्व्हलचं 'बरं बरं' त्यानं एकदा ऐकलं होतं.

मग सोलवेगला आठवलं, की त्याच जनावराचा दुसरा अर्धा भाग नायगार्डांनी घेतलाय. पामरची बायको ग्लॅडिस काही फोनवर 'तुला सोपं पडेल तसं' म्हणणारी नव्हती. तिनं स्टेक बोटांनी मोजून कापून घेतले असणार. वीस पुड्या टोपलीत घालून सोलवेग तिच्याकडे गेली. बेत साधा होता: वीस पुड्या द्यायच्या, सहा स्टेक घ्यायचे.

"अगबाई, एवढा खिमा? कशाला गं!" ग्लॅडिस म्हणाली.

"अगं, आमच्याकडे थोडा जास्त झालाय. म्हटलं, तुझ्याकडे जर काही... म्हणजे तुमचं पण त्याच जनावराचं आहे, तर तुमचं कसं काय निघालं..."

"छान निघालं. स्टेक तर असे आहेत! ठेवलेत राखून, पामरच्या भावंडांसाठी. बारा जण येणारेत."

"वा, छान," सोलवेग म्हणाली, आणि विषय तिथंच मेला.

पण टोपली रिकामी कशी परत द्यायची? ग्लॅडिसनं तीत डोक्याएवढे सहा फ्लॉवर भरले, चार कोबी ठेवले आणि नको नको म्हणत असतानाही हरणाच्या मांसाच्या पंधरा पुड्या वर रचल्या. तोही खिमाच. पामरनं मागच्या साली मारलेल्या हरणाचा.

"एवढ्यानं काय होतंय," ग्लॅडिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आर्डन स्वतःहून लव्हॉनच्या दुकानात गेला. घोळ त्यानं केला होता, निस्तरायला त्यानंच जायचं होतं. सांगायचं वाक्य तो गाडीत तीनदा म्हणून गेला होता: 'लव्हॉन, चूक झाली, कुणाकडचे चारसहा स्टेक शिल्लक आहेत का?' तो आत शिरला आणि लव्हॉननं हात पुसत विचारलं, "काय आर्डन, खिमा कसा झालाय?"

"वाईट नाही," आर्डन म्हणाला.

आमच्याकडे याच्यावर प्रशंसा नाही. लव्हॉनचा चेहरा फुलला. "खरं सांगू? दोनशे पुड्या दळायच्या म्हणजे दोन दिवस गेले माझे. कुणी एवढं म्हणत पण नाही रे." आणि ती आत गेली आणि कालच्या कामातल्या उरलेल्या खिम्याची दहा पौंडांची पिशवी घेऊन आली. "ही माझ्याकडून. पैसे काढलेस तर याद राख."

तो घरी आला तेव्हा सोलवेगनं पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "मला कळलंय."

तोवर फ्रीजरचं झाकण बसेना. धाकटी थिआ शाळेच्या शेवटच्या वर्षात. तिचे पिझ्झे आणि आइस्क्रीम ऑर्व्हलच्या फ्रीजरमध्ये पाठवावे लागले, आणि ते पाठवताना ऑर्व्हलला खिम्याच्या आठ पुड्या द्याव्या लागल्या, आणि ऑर्व्हलनं त्याच्या बदल्यात तीन डझन अंडी दिली.

घरात रोज संध्याकाळी साडेपाचला खिमा येऊ लागला. सोमवारी कोबीच्या पानांत गुंडाळलेला. मंगळवारी सिमला मिरचीत भरलेला. बुधवारी पावाचा चुरा न घातलेल्या नॉर्वेजियन गोळ्यांचा, बटाट्याऐवजी कुस्करलेल्या सलगमाबरोबर. गुरुवारी चिरलेल्या कोबीवर परतलेला. रविवारी अंड्यांत.

"आज काय?" थिआ दारातूनच विचारायची.

"वेगळं आहे."

"देवा."

'वेगळं' हा आमच्या गावात पदार्थाला लावायचा शेवटचा शब्द. त्याच्या पलीकडे फक्त कुत्र्याचं भांडं. थिआनं तो इतक्या वेळा वापरला, की आर्डनलाच राग आला.

"माझा पट्टा दोन भोकं आत गेलाय," तो म्हणाला. "आणि दुपारी कोठारावर झोप येत नाही. खा गपचूप."

"बाबा, तुम्हाला बोलायचा अधिकार नाहीये. तुम्ही एक 'त्रास नसेल तर' म्हणालात आणि मी बारा दिवस खिमा खातेय."

पण खरं सांगायचं तर त्या बारा दिवसांत सोलवेगचा हात बसला होता. गवतावरच्या जनावराला चरबी कमी, त्यामुळे खिमा मोठ्या आचेवर टाकला की तो रेतीसारखा कोरडा होतो. आधी लोण्याचा गोळा हवा, मग मंद आच, आणि त्याला सारखं ढवळून छळायचं नाही. फ्लॉवर किसून मीठ लावून फडक्यात घट्ट पिळला नाही तर सगळ्या पदार्थाचं सूप होतं. आणि आमच्याकडे घराघरांत, चर्चच्या तळघरात, बारशाला आणि बाराव्याला जी हॉटडिश होते, म्हणजे खाली खिमा, मध्ये दाट पांढरं काही तरी आणि वर बटाट्याच्या गोठवलेल्या नळकांड्या, ती बटाट्याशिवाय कशी करायची हे कोडं तिनं शुक्रवारी सोडवलं. पिळलेला फ्लॉवर, ऑर्व्हलची अंडी आणि चीज मळून तिनं बोटाएवढ्या नळकांड्या वळल्या, आधी वेगळ्या भाजल्या, मग खिमा, मश्रूम, कांदा आणि सायीवर ओळीनं रचल्या.

थिआनं एक घास खाल्ला. मग दुसरा. मग ताटली पुढे केली.

"वेगळं आहे?" सोलवेगनं विचारलं.

"नाही," थिआ म्हणाली. "वाईट नाहीये, आई."

सोलवेगला एकदम रडू आलं. स्टेक मिळत नव्हते आणि उद्या शनिवार होता. तिच्या हातात जे होतं ते एवढंच होतं.

हाग मंडळी पाच वाजता आली. रॉइस हाग दारातून वाकून आत शिरला. मोठी टोपी, मोठे हात, आणि ओठ असे घट्ट मिटलेले, की जणू खिळे धरलेत. त्यानं मान हलवून रामराम केला. व्हर्लीन मात्र एकसारखी बोलत होती आणि मधूनमधून नवऱ्याकडे चोरून पाहत होती. कोल्टर गाडीतून बर्फाची भली मोठी पेटी काढून तळघरात ठेवून आला. "आईबाबांनी तुमच्यासाठी आणलंय," तो म्हणाला. सोलवेग म्हणाली, "अय्या, कशाला एवढा त्रास!" आणि मनातल्या मनात तिनं जाणलं, की पेटीत नऊशे गुरांतले निवडक स्टेक असणार आणि आता ती टेबलावर खिमा ठेवणार आहे.

मारिटला काहीच माहीत नव्हतं. ती टेबलाशी हसत बसली होती. प्रत्येकाच्या ताटलीशेजारी तिनं स्वतः मांसाच्या दातेरी सुऱ्या मांडल्या होत्या. रॉइस आपल्या सुरीकडे टक लावून बघत होता.

सोलवेगनं हॉटडिशचं भांडं आणलं, मधोमध ठेवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट सरळ बोलली.

"मी तुम्हाला स्टेकचं लिहिलं होतं. स्टेक नाहीत. आमच्याकडून सगळं जनावर दळलं गेलं. दोनशे बारा पुड्या. चार स्टेक मिळावेत म्हणून गावभर फिरले, पण तोंड उघडून मागायला जमलं नाही. आर्डनला बटाटा चालत नाही, म्हणून हे त्याच्याशिवायचं केलंय. तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि माझी मुलगी तुमच्याकडे यायची आहे. मला वाईट वाटतंय, दुसरं काही नाही."

मारिटचा चेहरा लाल झाला. आर्डननं बायकोचा हात धरला. असली गोष्ट आमच्याकडे चारचौघांत कुणी करत नाही, पण त्यानं केली.

रॉइस हागनं भांड्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हे मऊ आहे का हो?"

"अं? हो. मऊच आहे."

"सगळंच?"

"सगळंच."

रॉइसनं सुरी उचलून हलकेच बाजूला ठेवली आणि ताटली पुढे केली. त्यानं पहिली ताटली संपवली. दुसरी संपवली. तिसऱ्या वेळी त्यानं विचारण्याची वाटही पाहिली नाही. सोलवेगला वाटलं, माणूस किती सभ्य आहे, आपल्यासाठी जिवावर उदार होऊन खातोय. मग भांड्यात शेवटचा तुकडा उरला. आर्डननं सवयीनं त्याचा अर्धा घेतला. थिआनं पाव घेतला. मारिटनं त्याच्याही निम्मं. उरलेल्या चिमणीच्या घासाकडे सगळे जण अदबीनं बघत राहिले. आणि रॉइसनं भांडंच स्वतःकडे ओढलं, तो घास खाल्ला, आणि चमच्यानं कडेची साय खरवडायला लागला.

टॉफ्टे कुटुंब थक्क होऊन बघत राहिलं. या घरात भांडं खरवडल्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"सांग आता," व्हर्लीन म्हणाली. "नाही तर मी सांगते."

रॉइस पुटपुटला, "दात."

"नवे दात बसवलेत," व्हर्लीननं सुरुवात केली आणि मग ती थांबेना. "जुलैपासून. वरचे सगळे, खालचे निम्मे. कुणाला सांगायचं नाही म्हणून तोंड उघडत नाही. आणि तुमचं पत्र आलं! रोज म्हणायचा, ती बाई एवढ्या प्रेमानं स्टेक करणार, नाही कसं म्हणू? रोज संध्याकाळी सराव करायचा हो. बारीक बारीक तुकडे करून. मागच्या शनिवारी जरा मोठा घास घेतला, सुरी-काटा खाली ठेवला आणि बघतो तर दात स्टेकमध्ये!"

"व्हर्लीन!"

"खोटं आहे का? ताटलीतच उभे होते. वाटेत दोनदा म्हणाला, गाडी वळवूया, मी आजारी आहे म्हणून सांग."

सोलवेगनं आर्डनकडे पाहिलं. आर्डन टेबलाखाली काही तरी शोधत होता. त्याचे खांदे हलत होते. मग थिआ हसत सुटली, मग कोल्टर, आणि शेवटी रॉइस हागही नवे कोरे दात दाखवत हसला. ते दात खरोखर छान होते. मारिट उठून मागून आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "दोन आठवडे तू एवढं घेऊन बसली होतीस? वेडी आहेस का गं?"

"थोडीशी," सोलवेग म्हणाली. तिला इतकं हलकं वाटत होतं, की पाय जमिनीला लागतात की नाही हे तिनं बघून घेतलं.

व्हर्लीन तिच्याकडे वळली. "मला याची कृती लिहून द्या. याला रोज काय घालू, या विचारानं मी कंटाळलेय. आणि मारिटला येतं का हे?"

"शिकवते ना. फ्लॉवर पिळायला तिचे हात चांगले आहेत."

"मग हिवाळ्याची काळजी नाही," व्हर्लीन म्हणाली आणि मारिटच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथंच राहिला. सोलवेगनं तो पाहिला, आणि तिला जे हवं होतं ते मिळालं.

कॉफी झाल्यावर रॉइसला पेटीची आठवण झाली. सगळे तळघरात उतरले. त्यानं अभिमानानं झाकण उघडलं.

आत खिमा होता. नीट रचलेला, निळ्या पाकिटांत, काठोकाठ.

"यंदा आमचं सगळंच दळून घेतलं," रॉइस म्हणाला. आता त्याला बोलायला काहीच वाटत नव्हतं. "दातांमुळे. साठ पाकिटं आहेत. आवडलं तर लग्नाला येताना आणखी आणतो. गाडीत जागा असते."

थिआनं पुड्यांनी फुगलेल्या फ्रीजरकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आर्डननं तोंड उघडलं. सोलवेगनं वेळीच त्याच्या बुटावर पाय दिला आणि त्यानं ते सरळ मिटलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यानं इतकं चटकन कधी ऐकलं नव्हतं.

मग सोलवेगनं व्याह्यांकडे बघितलं, त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे बघितलं, आणि तिच्या तोंडून अगदी मनापासून शब्द गेले:

"आणा की. तुम्हाला त्रास होणार नसेल तर."